बारावीत ज्याचा ब्रिज शिकलो, त्याच व्हीटस्टननं दाखवून दिलं की खोली डोळ्यांना नाही, मेंदूला दिसते

बारावीला सायन्स घेतलेल्या कोणालाही विचारा, चार्ल्स व्हीटस्टन म्हणजे कोण? उत्तर एकच येणार, तो ब्रिजवाला. चार रेझिस्टन्स, मध्ये गॅल्व्हनोमीटर, तारेवर जॉकी सरकवत सरकवत काटा शून्यावर आणायचा आणि जर्नलवर सरांची सही घ्यायची. विषय संपला.

गंमत अशी आहे की तो ब्रिज व्हीटस्टननं शोधलेलाच नाही. १८३३ साली सॅम्युअल हंटर ख्रिस्टी नावाच्या माणसानं ती कल्पना मांडली होती. व्हीटस्टननं १८४३ मध्ये ती लोकांसमोर नीट आणली, वापरात आणली आणि हे करताना ख्रिस्टीचं श्रेय ख्रिस्टीला दिलंसुद्धा. पण नाव चिकटलं ते व्हीटस्टनचंच.

उलट जी गोष्ट खरोखर त्याची होती, ती पुढे एका दुसऱ्या नामवंत शास्त्रज्ञानं त्याची नाहीच म्हणून वर्षानुवर्षं भांडण काढलं. ती गोष्ट म्हणजे आपल्या दोन डोळ्यांचं कोडं. आज तुम्ही थ्रीडी सिनेमा बघता, व्हीआर हेडसेट डोक्याला लावता, किंवा डोळ्यांचे डॉक्टर एखाद्या चार वर्षांच्या पोराला खास चष्मा घालून माशीचं चित्र दाखवतात, तेव्हा या सगळ्याच्या मुळाशी व्हीटस्टनचा एकच प्रयोग असतो.

आणि हा प्रयोग समजला की लेझी आय, म्हणजे आळशी डोळा नावाची भानगड नेमकी काय आहे आणि त्यात फक्त नजर नाही तर खोलीचा अंदाज का जातो, हेही समजतं.

वाद्यांच्या दुकानातला लाजाळू पोरगा

६ फेब्रुवारी १८०२ ला इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहराजवळच्या बार्नवुड गावात चार्ल्सचा जन्म झाला. घरचा धंदा वाद्यांचा. चार्ल्स चार वर्षांचा असताना कुटुंब लंडनला आलं. चौदाव्या वर्षी त्याला काकांच्या वाद्यांच्या दुकानात कामाला लावलं गेलं.

पोराचं लक्ष मात्र गल्ल्यावर नव्हतं. तार वाजते म्हणजे नेमकं काय होतं, आवाज लाकडातून कसा जातो, असले प्रश्न त्याला पडायचे. १८२१ साली, म्हणजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं लंडनकरांसमोर एक चमत्कार मांडला. छताला एका तारेनं टांगलेलं एक जुन्या पद्धतीचं तंतुवाद्य, आणि ते कोणी हात न लावता वाजतंय. लोक थक्क. खरी गोष्ट अशी होती की वरच्या मजल्यावर दुसरं वाद्य वाजत होतं आणि त्याची कंपनं त्या तारेतून खाली उतरत होती.

१८२३ मध्ये काका वारले आणि दुकान चार्ल्स आणि त्याच्या भावाच्या हातात आलं. धंदा सांभाळता सांभाळता चार्ल्सनं कॉन्सर्टिना नावाचं हातात धरून वाजवायचं वाद्य तयार केलं. आपल्या पेटीचं हे लांबचं भावंडच म्हणा, कारण दोन्हींत आवाज निघतो तो भात्याच्या हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून.

कॉलेजची पदवी नसलेल्या या माणसाला १८३४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजनं प्रोफेसर केलं. अडचण एकच होती. साहेब कमालीचे लाजाळू. चारचौघांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. त्यामुळे त्याच्या प्रयोगांवरची व्याख्यानं बऱ्याचदा मायकल फॅरेडे द्यायचा. व्हीटस्टन ऐन वेळी सभागृहातून पळून गेला आणि फॅरेडेला आयत्या वेळी उभं राहावं लागलं, अशी एक आख्यायिका तर आजही सांगितली जाते.

बोलायला घाबरणाऱ्या या माणसानं १८३७ मध्ये विल्यम कुक नावाच्या भागीदारासोबत तारायंत्राचं पेटंट घेतलं. ही तार पुढे लंडनच्या रेल्वेला जोडली गेली आणि १८४५ मध्ये तिनं एक खुनी पकडून दिला. जॉन टॉवेल नावाचा माणूस स्लाउजवळ खून करून रेल्वेनं लंडनला पळाला, पण त्याचं वर्णन तारेनं त्याच्या आधी पोहोचलं होतं. यंत्रात इंग्रजी क्यू अक्षरच नव्हतं, म्हणून ‘क्वेकर’ हा शब्द के वापरून पाठवावा लागला. तरी निरोप कळला आणि माणूस सापडला.

तारायंत्राचं काम चालू असतानाच व्हीटस्टनच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळत होता.

दोन डोळे, दोन चित्रं

एक साधा प्रयोग आत्ता करून बघा. काडेपेटी उभी धरा, नाकासमोर साधारण वीतभर अंतरावर, तिची कड तुमच्याकडे करून. आता डावा डोळा मिटा, मग उजवा. काडेपेटी डावीउजवीकडे उडी मारते, आणि दर वेळी तिची वेगळी बाजू जास्त दिसते. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे जवळच्या कुठल्याही वस्तूची दोन डोळ्यांत दोन थोडी वेगळी चित्रं पडतात.

हे लोकांना माहीत नव्हतं असं नाही. लिओनार्दो दा विंचीनंही एखादी वस्तू दोन डोळ्यांनी बघताना तिच्यामागचा वेगवेगळा भाग दिसतो हे नोंदवून ठेवलं होतं. पण शतकानुशतकं विद्वानांना पडलेला प्रश्न वेगळा होता. डोळे दोन असून वस्तू एकच का दिसते? दोन चित्रांमधला फरक त्यांना अडचण वाटायचा, मेंदूनं कशीतरी मिटवून टाकायची कटकट.

व्हीटस्टननं प्रश्नच उलटा केला. हा फरक कटकट नसून त्यातूनच आपल्याला खोली दिसत असेल तर?

हे तपासायला त्यानं काय केलं ते बघा, कारण खरी हुशारी इथे आहे. त्यानं दोन आरसे एकमेकांना काटकोनात जोडले. कोपरा नाकासमोर, म्हणजे डाव्या डोळ्याला डाव्या आरशातलं दिसणार आणि उजव्याला उजव्या. दोन्ही बाजूंना एकेक चित्र लावलं. डावीकडे डाव्या डोळ्याला जसा दिसेल तसा घन, उजवीकडे उजव्याला दिसेल तसा.

चित्रं मुद्दाम नुसत्या रेघांची काढली. त्यांत सावली नाही, रंग नाही, मागचं पुढचं झाकलेलं नाही. चित्रकार खोली दाखवायला ज्या युक्त्या वापरतात त्यातली एकही नाही. म्हणजे खोली दिसलीच, तर ती फक्त दोन चित्रांच्या फरकातूनच आली असणार, दुसरीकडून यायला वाटच ठेवली नव्हती.

आणि खोली दिसली. आरशात बघणाऱ्याला दोन सपाट चित्रांऐवजी हवेत तरंगणारा एकच भरीव घन दिसला.

२१ जून १८३८ ला हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडला गेला. यंत्राला त्यानं नाव दिलं स्टिरिओस्कोप. लक्षात घ्या, फोटोग्राफी जगासमोर जाहीर झाली ती पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये. म्हणजे थ्रीडीचं तंत्र फोटोच्याही आधीचं आहे.

निष्कर्ष साधा होता आणि हादरवणारा होता. डोळ्याच्या पडद्यावर पडतं ते सपाट चित्र. खोली तिथे नसतेच. दोन सपाट चित्रांची तुलना करून मेंदू खोली तयार करतो.

एस आणि ए ची मारामारी

त्याच निबंधात आणखी एक छोटा प्रयोग होता, आणि आपल्या विषयासाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे.

व्हीटस्टननं एका डोळ्यासमोर इंग्रजी एस अक्षर ठेवलं आणि दुसऱ्यासमोर ए. दोन्ही एकाच मापाच्या वर्तुळात. दोन्ही वर्तुळं छान एकत्र झाली. पण आतली अक्षरं काही केल्या मिसळेनात. थोडा वेळ एस दिसायचं, मग त्याचे तुकडे पडून ए दिसायला लागायचं, मग पुन्हा एस. ठरवून एकच अक्षर बघत राहणंही जमेना.

याचा अर्थ काय? दोन डोळ्यांची चित्रं जवळपास सारखी असली तर मेंदू ती जोडतो आणि त्यांच्यातल्या बारीक फरकातून खोली काढतो. चित्रं जुळतच नसली तर मेंदू एकाला पुढे करतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. नॉर्मल माणसात ही मारामारी बरोबरीत सुटते, कधी हा डोळा जिंकतो तर कधी तो.

आता विचार करा, एखाद्या लहान मुलाच्या बाबतीत ही मारामारी रोज चालू आहे आणि रोज एकच डोळा जिंकतोय. यालाच आज आपण आळशी डोळा म्हणतो.

पॅरिसच्या विद्वानांची फजिती

व्हीटस्टनचं आरशांचं यंत्र मोठं आणि अवजड होतं. १८४९ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरनं, कॅलिडोस्कोप शोधणाऱ्या त्याच ब्रूस्टरनं, भिंगं वापरून हातात मावेल असा स्टिरिओस्कोप बनवला. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला तो आवडला आणि बघता बघता घराघरांत पोहोचला. पिरॅमिड, नायगारा, युद्धभूमी, सगळं दिवाणखान्यात बसून थ्रीडीमध्ये.

यशानंतर ब्रूस्टर म्हणू लागला की मूळ कल्पना व्हीटस्टनची नाहीच. आधी त्यानं एका दुसऱ्या माणसाचं नाव पुढे केलं, मग जुन्या इटालियन चित्रांचा दाखला दिला. वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला. सभेत बोलायला घाबरणारा व्हीटस्टन कागदावर मात्र घाबरत नव्हता. त्यानं तारखांनिशी उत्तरं दिली. इतिहासानं निकाल त्याच्या बाजूनं दिला.

याच काळातला एक किस्सा फ्रान्समध्ये आवडीनं सांगितला जायचा. आबे म्वान्यो नावाचे धर्मगुरू हे नवं यंत्र घेऊन पॅरिसच्या बड्या शास्त्रज्ञांकडे गेले. अरागो यांना एकाची दोन दिसायची तक्रार होती, त्यांना खोली दिसेना. बेकरेल यांचा एक डोळा जवळजवळ निकामी, त्यांनाही काही दिसेना. पुइये तिरळे, त्यांचंही तेच. बिचारे म्वान्यो यंत्राचं कौतुक करत फिरतायत आणि देशातली सगळ्यात मोठी डोकी म्हणतायत, यात विशेष काय आहे?

किस्स्यात थोडं मीठमसाला असेलही, पण मुद्दा शंभर टक्के खरा आहे. स्टिरिओस्कोप हे खेळणं होतंच, पण ते नकळत तपासणीचं यंत्रही ठरलं. दोन्ही डोळे बरोबरीनं काम करत नसतील तर त्यात खोली दिसतच नाही. आणि ज्याला दिसत नाही त्याला आपल्याला काही दिसत नाहीये हेच माहीत नसतं.

मग आळशी डोळ्यात नेमकं बिघडतं काय?

पहिली गोष्ट, डोळा आळशी नसतो. बहुतेक वेळा डोळा आतून तपासला तर ठणठणीत असतो. गडबड असते डोळा आणि मेंदू यांच्यातल्या जोडणीत. डॉक्टरी भाषेत याला अँब्लायोपिया म्हणतात आणि शंभरातल्या साधारण दोन-तीन जणांना तो असतो.

कारणं मुख्यतः तीन. पहिलं तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना बघतात, चित्रं जुळत नाहीत, मग मेंदू एका डोळ्याचं चित्र दाबतो. दुसरं, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक. एका डोळ्याचं चित्र स्पष्ट, दुसऱ्याचं कायम धूसर, मग मेंदू धूसर चित्र बाजूला सारतो. तिसरं, एका डोळ्यासमोर अडथळा, म्हणजे जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी.

यातलं दुसरं कारण सगळ्यात फसवं. तिरळेपणा आजीच्याही लक्षात येतो. पण नंबरातला फरक बाहेरून दिसत नाही. मूल धावतं, खेळतं, टीव्ही बघतं, मोबाइल तर डोळे मिटूनही चालवेल अशी परिस्थिती. चांगला डोळा सगळं निभावून नेतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

लहानपणीची पहिली काही वर्षं मेंदूतलं दृष्टीचं केंद्र घडत असतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, तेव्हा दिसलं की मेंदूतल्या पेशी उघड्या डोळ्याच्या ताब्यात जातात आणि नंतर बंद डोळा उघडला तरी तो मेंदूत आपली जागा परत मिळवू शकत नाही. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याच सुमारास इतर संशोधकांना मेंदूत अशा पेशीही सापडल्या, ज्या दोन डोळ्यांच्या चित्रांमध्ये विशिष्ट फरक असेल तेव्हाच पेटून उठतात. व्हीटस्टननं आरशांनी जे ओळखलं होतं, त्याची यंत्रणाच हाती लागली.

या पेशींना काम करायला दोन्ही डोळ्यांकडून माल यावा लागतो. एका डोळ्याचा पुरवठा लहानपणीच आटला तर तुलना करणार कशाशी? म्हणून आळशी डोळ्यात नजर कमी होते त्यापेक्षाही वेगळं नुकसान होतं. खोलीची ही बारीक जाणीव घडतच नाही, किंवा अर्धवट घडते.

चित्रं वेगळी हवीत, ताकद सारखी हवी

इथे एक गोष्ट उलटी वाटते, पण नीट समजून घेण्यासारखी आहे.

समजा तुमचे दोन्ही डोळे उत्तम आहेत. आता दोन्ही डोळ्यांसमोरची चित्रं सारख्या प्रमाणात फिकी केली. खोलीचा अंदाज थोडा कमी होतो. पण एकाच डोळ्याचं चित्र फिकं केलं आणि दुसऱ्याचं ठळक ठेवलं, तर अंदाज त्याहून जास्त बिघडतो. म्हणजे एकूण माहिती जास्त मिळूनही निकाल वाईट! १९८० च्या दशकात प्रयोगशाळांमध्ये हे मोजून दाखवलं गेलं.

कारण मेंदूसाठी प्रश्न चित्र किती चांगलं हा नाही, दोघांमध्ये तोल किती हा आहे. ताकदवान डोळा दुबळ्या डोळ्याला फक्त मागे टाकत नाही, तो त्याला दाबतो.

वेळेतला असमतोलही गोंधळ घालतो. घरी करून बघा. दोरीला किल्ली बांधून ती समोर डावीउजवीकडे सरळ झोके घेईल अशी टांगा. आता दोन्ही डोळे उघडे ठेवून गॉगलची एकच काच एका डोळ्यासमोर धरा. सरळ रेषेत हलणारी किल्ली तुम्हाला गोल फिरताना, जवळ येऊन लांब जाताना दिसेल. अंधाऱ्या डोळ्याचा संदेश मेंदूला किंचित उशिरा मिळतो आणि मेंदू त्या उशिराला खोली समजतो. या प्रकाराला जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिशचं नाव आहे, त्यानं १९२२ मध्ये तो मांडला. आणि दैव बघा, पुल्फ्रिशला एकाच डोळ्यानं दिसायचं. स्वतःच्या नावाची गोष्ट त्याला स्वतःला कधी दिसलीच नाही.

मग अशा माणसांना जग सपाट दिसतं का?

तसं पूर्ण खरं नाही. खोली ओळखायला मेंदूकडे बाकीच्या युक्त्या असतात. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, लांबची वस्तू लहान दिसते, सावल्या पडतात, मान हलवली की जवळच्या गोष्टी जास्त सरकतात. आळशी डोळा असलेली माणसं याच युक्त्यांवर गाड्या चालवतात, क्रिकेट खेळतात, संसार करतात.

अडतं ते हाताच्या अंतरावर. सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना, जिन्याची शेवटची पायरी उतरताना, अंगावर आलेला झेल घेताना. थ्रीडी सिनेमात सगळं थिएटर पडद्यातून आलेल्या वस्तूला हात लावायला धडपडत असतं आणि यांना वाटतं, एवढं ओरडण्यासारखं काय आहे?

एका डोळ्यावर मोठं काम करता येतं याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मन्सूर अली खान पटौदी. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये गाडीच्या अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले. पण त्यांचं आळशी डोळ्याचं प्रकरण नव्हतं. त्यांचे दोन्ही डोळे आधी वीस वर्षं व्यवस्थित होते आणि जे गेलं ते त्यांना माहीत होतं. आळशी डोळा असलेल्या मुलाला ते माहीत नसतं. म्हणून ते मूल कधी तक्रार करत नाही. ते फक्त धडपडतं, झेल सोडतं, आणि घरचे त्याला वेंधळा म्हणतात.

व्हीटस्टनचं यंत्र दवाखान्यात

चांगला डोळा झाकून दुबळ्याला कामाला लावायचं, ही कल्पना व्हीटस्टनच्याही आधीची. फ्रान्सचा निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यानं १७४३ मध्येच लिहिलं होतं की तिरळेपणामागे दोन डोळ्यांच्या ताकदीतला फरक असतो आणि चांगला डोळा झाकून बघावा. पण पट्टी बांधली की काम करतो तो एकच डोळा. दोघांना एकत्र काम करायला शिकवायचं कसं?

१८६० च्या दशकात एमिल जाव्हाल नावाच्या फ्रेंच माणसानं यासाठी स्टिरिओस्कोप हातात घेतला. तो मूळचा खाणींचा इंजिनिअर. घरात तिरळेपणा होता, बहीणही तिरळी होती. त्यातून तो डोळ्यांच्या वैद्यकाकडे वळला आणि डाव्या-उजव्या डोळ्यासाठी वेगवेगळी चित्रं वापरून व्यायाम तयार केले. काम अतिशय चिकाटीचं होतं, पण दोन्ही डोळ्यांना एकत्र शिकवायची वाट तिथून सुरू झाली.

आज उपचाराची सुरुवात होते योग्य नंबरच्या चष्म्यानं. कित्येक मुलांत नुसत्या चष्म्यानंच बराच फरक पडतो. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, किंवा त्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणारे थेंब. मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्यात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, तेव्हा पट्टीवरून रोज रडारड होणाऱ्या घरांना मोठा दिलासा मिळाला.

अलीकडे आलेली पद्धत तर थेट व्हीटस्टनच्या घरातली. व्हीआरसारख्या यंत्रात दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवायची, पण ताकदवान डोळ्याचं चित्र मुद्दाम फिकं ठेवायचं, म्हणजे दोघांमध्ये तोल येतो आणि मेंदूला दुबळ्या डोळ्याचं ऐकावं लागतं. अमेरिकेत २०२१ मध्ये अशा एका उपचाराला सरकारी मान्यता मिळाली.

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असलेली बरी. पट्टीनंतर मूल तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लागलं, म्हणजे खोलीचा अंदाजही पूर्ण आला असं होत नाही. नजर सुधारते, पण दोन डोळ्यांची जोडी काही वेळा कच्चीच राहते. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ती पक्की व्हायची शक्यता जास्त. सातव्या-आठव्या वर्षानंतर फायदा कमी होत जातो, पण दार एकदम बंद होत नाही. मोठ्या मुलांमध्येही सुधारणा झालेली आहे. अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ सुझन बॅरी लहानपणापासून तिरळ्या होत्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी व्यायाम सुरू केल्यावर त्यांना खोली दिसू लागली. सगळ्यांचं असं होत नाही, पण आता काही उपयोग नाही म्हणून डॉक्टरकडेच न जाणंही बरोबर नाही.

शेवटी व्हीटस्टनचं काय झालं?

१८४७ मध्ये त्यानं एमा वेस्टशी लग्न केलं, पाच मुलं झाली. १८५२ मध्ये त्यानं दृष्टीवरचा दुसरा निबंध लिहिला आणि खोली उलटी दाखवणारं एक यंत्र केलं, ज्यात वाटी फुगवट्यासारखी दिसायची. गुप्त संदेश लिहायची एक पद्धत शोधली, तिलाही नाव मिळालं मित्राचं, प्लेफेअर सायफर. १८६८ मध्ये तो सर चार्ल्स झाला. १९ ऑक्टोबर १८७५ ला कामासाठी पॅरिसला गेला असताना छातीच्या विकारानं त्याचं निधन झालं. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याला पुरलं.

त्यानं कधी कुठल्या रुग्णाचा डोळा तपासला नाही. पण आज डोळ्यांच्या दवाखान्यात मुलाला खास चष्मा घालून माशीचं मोठं चित्र दाखवतात आणि तिचे पंख चिमटीत पकडायला सांगतात. ज्याचे दोन्ही डोळे जोडीनं काम करतात, त्या मुलाची बोटं कागदाच्या वर, हवेत थांबतात. ज्याचे करत नाहीत, त्याची बोटं कागदाला टेकतात. एवढ्या साध्या चाचणीमागे १८३८ चे ते दोन आरसे आहेत.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर एक खेळ खेळून बघा. त्याचा एक डोळा हातानं झाका, मग दुसरा. एका बाजूला मूल निवांत बसलं आणि दुसऱ्या बाजूला चिडलं, हात ढकलायला लागलं, तर लक्ष द्या. मान तिरकी करून बघणं, उन्हात एकच डोळा मिटणं, टीव्हीच्या अगदी जवळ जाणं, हेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. घरात कोणाला लहानपणापासून तिरळेपणा किंवा मोठा नंबर असेल तर आणखी काळजी घ्या.

आणि यातलं काहीच दिसत नसलं तरी शाळेत घालायच्या आधी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी, डोळ्यांच्या डॉक्टरकडून एकदा दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. तिरळेपणा भाग्याचा असतो किंवा मोठं झाल्यावर आपोआप जातो, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण तपासणी चुकवू नका. कारण मूल स्वतःहून कधीच सांगणार नाही. त्याला वाटतं, जग सगळ्यांना असंच दिसतं.